सोवळ्यातली मॉरिस

बुधाजी पेंटरांबद्दल लिहायचं तर आधी दोन गोष्टी सांगून टाकते. आमच्या घरात सगळे त्यांना अरे-तुरे करीत. सासूबाई करीत, नवरा करी, मीही करी. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते तरी. आता लिहिताना मी ‘ते’ लिहिणार आहे. उशीर झाला, पण लिहिणार. दुसरी गोष्ट, नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा आमच्यात पद्धत नव्हती. इथे मी ते घेणार आहे, कारण ‘हे’ आणि ‘अहो’ म्हणत मला त्यांच्यावर नीट रागावता येत नाही.

साल १९५४. आम्ही बदलापूरला कुळगावात राहत होतो. माझे यजमान विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि गावातल्या वाचनालयाचे चिटणीस. त्यांच्या बरोबरीच्या दोघांच्या दारात मोटारी आल्या, तेव्हा आमच्या दारातही यायलाच हवी होती. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात जुन्या गाड्या विकणारा एक जण होता, त्याच्याकडून त्यांनी एक मॉरिस आणली. इंजिन ठणठणीत, पण पत्र्याला जागोजाग गंज. सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, तिच्याकडे बघून विचारलं, हिला देवी येऊन गेल्यात का रे?

मुंबईला नेऊन मशीनने रंग फवारून आणायचा विचार झाला आणि मागे पडला. घराशेजारी आमची एक पत्र्याची शेड होती, पूर्वी तिथे बैलगाडी उभी राहायची. तिथेच घरच्या घरी रंग काढून घ्यावा असं ठरलं. स्टेशनवरचे दोन टांगे तेव्हा असे चकचकीत होते की त्यांच्या बाजूच्या फळीत बायका कुंकू सारखं करून घेत. ते कोणी रंगवले म्हणून चौकशी केली तर नाव निघालं शिरगावच्या बुधाजींचं.

शिरगाव म्हणजे गावातलं शिरगाव नव्हे. गावाच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे जी वस्ती होती तिथले ते. कुठल्या जातीचे हे मी लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला ओढ्याच्या पलीकडे म्हटल्यावर कळलंच असेल. घटनेत शिवाशीव बंद झाल्याला चार वर्षं झाली होती. विष्णुपंतांनी दोन ऑक्टोबरला वाचनालयात त्यावर पाऊण तास भाषण केलं होतं आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. आणि बुधाजींसाठी आमच्या मोरीबाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता. चहा मी वरून ओतायची. पिऊन झाला की ते स्वतः विसळून तो पालथा घालून ठेवायचे. मला त्यात काही खटकत नव्हतं, हेही लिहून ठेवते.

अंगाने काटक माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, वर कॅम्पात मिळालेला लष्करी खाकी कोट, त्याच्या खिशात घासायचे कागद. ब्रश मात्र खिशात नाही. ते बांबूच्या नळकांड्यात, प्रत्येक ब्रश वेगळ्या चिंधीत. कल्याणला एका मुसलमान उस्तादाकडे त्यांनी सात वर्षं काढली होती. त्यातली पहिली दोन वर्षं फक्त घासायला शिकण्यात गेली असं ते सांगत. रागावून नाही, अभिमानाने.

त्यांच्या कामाची रीत मी रोज खिडकीतून बघायची. आधी गंज खरवडला, मग अस्तर दिलं, मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ती पाण्याने घासून पत्र्याशी एकजीव केली. त्यावर बाटलीसारख्या हिरव्या रंगाचे तीन हात आणि शेवटी वार्निश. पण खरं काम यातलं कुठलंच नव्हतं. खरं काम होतं एका हातानंतर दुसऱ्या हाताची वाट बघणं. हात द्यायला त्यांना दोन तास लागत आणि वाळायला दोन दिवस, कधी तीन. विष्णुपंत संध्याकाळी कारखान्यातून येत तेव्हा बुधाजी चिंचेखाली बसलेले दिसत. “बसलाच आहे,” असं ते मला सांगत. अहो, मग तुम्ही कारखान्यात दिवसभर उभे असता का?

आणि बुधाजी नुसते बसतही नसत. शेडच्या भोवती सकाळ-दुपार सडा घालत, धूळ उडू नये म्हणून. कोळिष्टकं काढत. दाराला ओलं गोणपाट लावत. मला येऊन सांगत की वैनी, गाद्या आज झटकू नका, पालापाचोळा पेटवू नका, आणि मोहरीची फोडणी द्यायची तर शेडकडची खिडकी लावून घ्या, तेलाचा धूर रंगावर बसतो. रंग वाळला की नाही हे बघायची त्यांची एक तऱ्हा होती. सकाळी यायचं, मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, मधल्या बोटाची उलटी बाजू हलकेच टेकवायची. मी एकदा विचारलं, उलटंच बोट का? तर म्हणाले, सुलटं बोट लबाड असतं, त्याला घट्टे पडलेले असतात, ते म्हणेल ते खरं मानायचं नाही.

त्यांना घाई नव्हती असं मात्र नव्हे. कारखान्यात चार लॉऱ्या आणि कामगारांची एक बस होती. त्यांच्यासाठी कायमचा पेंटर ठेवायचं घाटत होतं. मोठे साहेब तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे चहाला यायचे होते. गाडी त्यांच्या मनाला आली की बुधाजींचं नाव हजेरीपटावर चढेल, असं विष्णुपंतांनी त्यांना कबूल केलं होतं. टांग्यांचे दिवस भरत आले होते हे बुधाजींना कळत होतं. ते एकदाच माझ्याजवळ बोलले. म्हणाले, आजवर प्रत्येक टांगेवाल्याच्या दारात जाऊन काम मागितलं, वैनी. एकदा तरी कुणी हजेरी घेताना माझं नाव पुकारावं.

आता सोवळ्याचं सांगते.

हिरव्या रंगाचा पहिला हात दिला त्या दिवशी दिवाळी चार दिवसांवर होती. घरात माणसांची ये-जा, शेजारच्या बायका नवी गाडी बघायला येत, आणि बाईमाणसाची खोड म्हणा की माणसाची, नवीन वस्तू दिसली की बोट लावायचंच. बुधाजी सांगून थकले. शेवटी ओसरीच्या खाली उभे राहून माईंना म्हणाले, “आजी, गाडी आता सोवळ्यात हाय असं समजा. वाळंपर्यंत कुनी शिवायचं नाय.”

माईंना हे इतकं पटलं म्हणून सांगू. आजवर त्या यंत्राशी त्यांचं काही नातंच नव्हतं. आता एकदम जुळलं. सोवळं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ओलेत्याने वाळत घातलेलं लुगडं काठीने उचलणारी ती बाई. त्या दिवसापासून शेडच्या दाराशी पाट टाकून त्या जपमाळ घेऊन बसू लागल्या. शेजारच्या सुहासिनीबाई पदर सावरत आत डोकावल्या तर माईंनी त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. खुद्द विष्णुपंतांना त्यांनी चपला काढायला लावल्या. बुधाजी चिंचेखाली बसून हसत होते. मलाही हसू येत होतं. त्यांची ती एवढीशी गंमत त्यांच्याच अंगावर येणार आहे हे आम्हा दोघांना कुठून कळावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उलटं बोट टेकवलं, अजून ओल आहे म्हणाले आणि गेले. तिसऱ्या दिवशी येऊन बघतात तर बोनेटवर आणि छतावर डाग. मसुराएवढे, कडेला पांढरट कड असलेले, पसाभर तरी असतील. त्यांनी मान वर करून छताचे पत्रे निरखले. मग म्हणाले, दव पडलं असणार, पत्र्याला भोक असेल. त्यांनी शेडचं छप्पर आतून ताडपत्रीने मढवलं, सगळा हात घासून काढला आणि नव्याने दिला.

पुन्हा डाग.

या वेळी त्यांनी रंगावर संशय घेतला. डबा काखोटीला मारून ते चार नंबर कॅम्पापर्यंत गेले. रंग विकणारे टेकचंदशेठ सिंधी गृहस्थ, फाळणीत सगळं टाकून आलेले आणि मालाच्या बाबतीत भलते स्वाभिमानी. त्यांनी बुधाजींशी वाद घातला नाही. त्याच डब्यातला रंग घेऊन, स्वतःच्या हाताने एका पत्र्याच्या तुकड्यावर एक पट्टा ओढला आणि म्हणाले, “ले जाओ भाऊ, घरी सुखने दो. दाग आला तो पूरा माल परत लेगा. नाही आला तो अपना हाथ देखो.” तो तुकडा बुधाजींनी आपल्या घरी आढ्याला टांगला. दोन दिवसांनी तो आरशासारखा स्वच्छ वाळला. ते तो मला दाखवायला घेऊन आले होते. रंग चांगला निघाला याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता, कारण आता दव नाही, रंग नाही, म्हणजे उरलं काय? त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. श्रावणात त्यांना हिवताप येऊन गेला होता. तेव्हापासून बोटं थोडी थरथरतात असं त्यांना वाटू लागलं.

नंतरची सकाळ मला नीट आठवते. डागाळलेला हात घासण्याइतका वाळला का ते बघायला बुधाजींनी बोट टेकवलं आणि मान हलवून निघून गेले. मी मागच्या दाराने तुळशीला पाणी घालायला आले तर माई शेडमध्ये. डाव्या हातात पंचपात्र, उजव्या हातात तुळशीची डहाळी, ओठांत काहीतरी पुटपुटणं चाललेलं, आणि गाडीवर शिंपडणं. मी विचारलं, माई, हे काय करताय?

“गोमूत्र,” त्या म्हणाल्या. “सोवळ्यातली गाडी आणि तो रोज सकाळी येऊन शिवून जातो.”

मी म्हटलं, अहो, पण गाडी रंगवतातच ते. मग त्यांनी मला शास्त्र समजावून सांगितलं. काम चाललेलं असताना कारागिराचा हात शुद्धच असतो, त्याला विटाळ नाही. पण हात देऊन झाला, काम थांबलं, वस्तू सोवळ्यात गेली, की त्यानंतरचा स्पर्श हा कारागिराचा नव्हे, त्या माणसाचा. म्हणून फक्त सकाळचं ते एक बोट शुद्ध करून घ्यायचं. किती बारीक विचार! एवढी बुद्धी माणसाने दुसऱ्या कशाला लावली असती तर? मी कसंबसं म्हटलं की त्याने रंगाला डाग पडतात. माईंनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. गोमूत्राने आजवर कधी काही बिघडलंय का, असं विचारून त्या आत गेल्या.

माईंचा मला राग आला, पण एक सांगते, त्या जे मानत ते उघड मानत. बुधाजींच्या देखत त्या शिंपडत नसत ते त्यांचं मन दुखू नये म्हणून, असं त्यांनी मला नंतर सांगितलं आणि ते खरंही असावं. माझा खरा राग पुढे आहे.

संध्याकाळी विष्णुपंत हातपाय धुऊन बसले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते उठतील, आईला चार शब्द बोलतील, बुधाजींची माफी मागतील. वाचनालयात पाऊण तास बोललेला माणूस, घरात पाच मिनिटं बोलेल की नाही? ते आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हसू मावळलं. मी म्हटलं, निदान बुधाजींना खरं सांगा, तो माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसलाय.

“त्याला काय सांगू?” विष्णुपंत म्हणाले. “तू शिवलास म्हणून माझ्या आईनं गोमूत्र शिंपडलं, असं? उद्या गावभर होईल. पुढच्या आठवड्यात साहेब यायचेत. वाचनालयात कोणत्या तोंडानं उभा राहू मी?”

आईशी बोलतो, असं मात्र ते म्हणाले. बोलले नाहीत. आई उपाशी बसली तर काय करायचं, ही धास्ती. तिसऱ्यांदा हात दिला गेला, तिसऱ्यांदा डाग पडले. आणि मी? मी खिडकीत उभी राहून तीन पावलांवर असलेल्या माणसाला एक वाक्य सांगू शकले असते. नवऱ्याने नको म्हटलंय, सासूची गोष्ट बाहेर कशी न्यायची, असली कारणं मी स्वतःला देत राहिले. नऊ दिवस! विष्णुपंतांना नावं ठेवताना हे नऊ दिवस मी विसरत नाही.

मोठे साहेब आले ते ठरल्या दिवशी. मी चांगल्या कपांत चहा केला. साहेब सभ्य होते, गाडीभोवती फिरले, बोनेटवरच्या डागांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि हे काय म्हणून विचारलं. बुधाजी चिंचेखाली टोपी हातात घेऊन उभे होते. त्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. विष्णुपंतांनी त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “काय करणार साहेब, गावातला माणूस. पूर्वी चांगलं करायचा. आता हात चालत नाही त्याचा.”

चहाचा ट्रे माझ्या हातात होता. तो मी खाली टाकला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. ज्याने तीन वेळा पूर्ण गाडी घासली, तीन वेळा रंगवली, ज्याचा एकही पट्टा वाकडा नव्हता, त्याचा हात चालत नाही! आणि ज्याची जीभ खोटं बोलताना अडखळली नाही, तो अधिकारी. साहेब म्हणाले की मग मुंबईहून कोणीतरी बघू. ते चहा पिऊन गेले. बुधाजींनी टोपी घातली आणि फाटकातून निघून गेले. कान तुटलेला कप त्या दिवशी तसाच कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. नोकरीची आशा गेली होती, पण डाग पडलेली गाडी आपल्या नावावर गावात फिरू नये म्हणून चौथ्यांदा घासायला आले होते. विष्णुपंत कारखान्यात गेलेले, माई देवळात. बुधाजी शेडच्या उंबऱ्यावर बसले होते. पाण्याचं भांडं भरलेलं, कागद हातात, आणि हात चालत नव्हता. या वेळी खरंच चालत नव्हता. मी बाहेर आले तशी मान वर न करता म्हणाले, “हात गेला वैनी माझा. ही गाडी कशीतरी पुरी करतो आनि ब्रश नदीत सोडतो.”

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. माईंचं पंचपात्र, तुळशीची डहाळी, काय शिंपडलं, कधी शिंपडलं, का शिंपडलं, सगळं. नवऱ्याला माहीत होतं हेही सांगितलं. मला माहीत होतं हेही.

त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मी वाट बघत होते की हा माणूस आता पाण्याचं भांडं उचलून काचेवर मारेल, आणि देवाशप्पथ सांगते, मी त्यांना अडवलं नसतं. बुधाजींनी दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले. मग ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

“म्हंजी माझा हात चांगला हाय,” ते म्हणाले.

एवढंच. जे ऐकून माणसाने पेटून उठावं, ते त्यांच्या कानी आनंदाची बातमी म्हणून पडलं. शिवल्याबद्दल कुणीतरी मागून शिंपडतं हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. हात गेल्याचं दुःख मात्र नवं होतं. मला इतकी चीड कधी कुणाची आली नव्हती. त्यांची नव्हे. ज्यांनी त्या माणसाला या थराला आणून ठेवलं त्यांची, म्हणजे आमची.

मग त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि एकच मागणं केलं. गाडी त्यांच्या दारी न्यायची. रंग तिथे द्यायचा, तिथेच वाळू द्यायचा, आणि पुरा कडक झाल्याशिवाय आमच्या अंगणात आणायची नाही. संध्याकाळी मी विष्णुपंतांना तसं सांगितलं. ओढ्यापलीकडे गाडी, लोक काय म्हणतील, असं त्यांनी सुरू केलं. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी उद्या साहेबांच्या बंगल्यावर जाते आणि ते डाग कशाचे ते त्यांना सांगून येते. लग्नाला सात वर्षं झाली होती. इतकं लांब वाक्य मी त्यांना पहिल्यांदाच बोलले असेन. ते कबूल झाले. गाडी त्या वस्तीपर्यंत स्वतः चालवत न्यायची मात्र त्यांची तयारी नव्हती. बुधाजींनी शेजाऱ्याची बैलजोडी आणली आणि मॉरिस दोरखंडाने ओढत ओढ्यापलीकडे नेली.

आठ-दहा दिवसांनी मी तिकडे गेले. गावात इतकी वर्षं राहून त्या वस्तीत मी पाऊल टाकलं नव्हतं. बुधाजींच्या घराला लागून गवताचा मांडव घातलेला, तिन्ही बाजूंना ओली गोणपाटं. त्यांच्या बायकोने, जिजाबाईंनी, सगळ्या वस्तीला बजावून ठेवलं होतं. शेजारची चूल मांडवापासून लांब हलवली होती. कोंबड्या डालल्या होत्या. मुलं त्या बाजूने जाताना पाय न वाजवता जात. पंधरा घरांची वस्ती, आणि एकाचंही बोट त्या गाडीला लागलं नव्हतं. खरं सोवळं कुठे पाळलं गेलं ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. जिजाबाईंनी मला चहा दिला. कपाला कान होता. त्या आधी संकोचल्या, मी घेईन की नाही म्हणून. मी घेतला, आणि तोंड भाजलं तरी पुरता प्यायले.

कारखान्यातली जागा तोवर मुंबईच्या एकाने भरली होती. मी विष्णुपंतांच्या मागे लागले की साहेबांना खरं सांगा, अजून वेळ गेलेली नाही. सांगतो म्हणाले. ते ‘सांगतो’ अजून यायचंय. बुधाजी पुढे टांगे संपेपर्यंत टांगे रंगवत राहिले आणि नंतर दुकानांच्या पाट्या. त्यांचं नाव हजेरीला कुणी कधी पुकारलं नाही.

गाडी परत आली ती मार्गशीर्षात, भर सकाळी. बैल सोडले, बुधाजींनी वरची जुनी चादर काढली आणि अंगणातली चिंच वरपासून खालपर्यंत बोनेटमध्ये दिसू लागली. शेजारपाजारचे जमले. सुहासिनीबाई तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. विष्णुपंतांच्या तोंडावर तर असा अभिमान, जणू यांनीच ब्रश धरला होता.

माई ओसरीवरून उतरल्या. हातात पंचपात्र होतं. गाडी कुठून आली हे त्यांना माहीत होतं आणि अशी गाडी त्या दारात ठेवून घेणार नव्हत्या. विष्णुपंत पुढे होऊन हळूच म्हणाले की आई, नंतर. नंतर म्हणजे बुधाजी गेल्यावर. आमच्या घरातलं सगळं पाप या ‘नंतर’मध्ये झालेलं आहे. माई थांबल्या नाहीत. त्यांनी डहाळी बुडवली आणि पहिल्यांदाच बुधाजींच्या देखत गाडीवर शिंपडलं, एकदा, दोनदा, तीनदा.

कशासाठी शिंपडलं ते प्रत्येकाला कळलं होतं. बुधाजी माईंच्या तोंडाकडे बघत नव्हते. ते थेंबांकडे बघत होते. थेंब बोनेटवर गोल उभे राहिले, थोडे थरथरले आणि उतारावरून एकामागून एक घरंगळत खाली मातीत पडले. राहिलेले दोन-चार त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने टिपून घेतले.

“आजी, आता खुशाल शिंपडा,” ते म्हणाले. “वाळलाय.”

मग त्यांनी उलटं बोट नव्हे, उजव्या हाताचा सबंध पंजा बोनेटच्या मधोमध टेकवला, सगळ्यांसमोर, पाचही बोटं पसरून. दाबून धरला आणि उचलला. माझ्याकडे वळून म्हणाले, “वैनी, तुमी बघा. काय उमटलं का?”

विष्णुपंतांनी मला डोळ्यांनी खूण केली, आत जा म्हणून. माई पंचपात्र धरून उभ्या होत्या. मी ओसरीच्या पायऱ्या उतरून गाडीपाशी गेले, वाकले, उजेडाकडून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने जाऊन बघितलं. आणि सबंध अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, “काही नाही उमटलं, बुधाजी.”